फिरतीचा माणूस

२०२० च्या एप्रिलमध्ये आमचे अण्णा सांगलीच्या घराच्या गच्चीवर फेऱ्या मारायचे. टाळेबंदी लागून दोन आठवडे झाले होते, बाहेरचं फिरणं बंद झालं होतं आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षीही घरात बसून राहणं त्यांना जमणारं नव्हतं. कठड्यावर वीस चिंचोके ओळीनं मांडलेले असायचे. एक फेरी झाली की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे जायचा. मी पुण्याहून चार दिवसांसाठी म्हणून आले होते ती तिथेच अडकले. किती फेऱ्या झाल्या हे मला विचारावं लागत नसे. चहा घेऊन वर गेलं की चिंचोक्यांवरून कळे.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी बातम्यांमध्ये इंग्लंडमधले एक आजोबा दिसले. अंगात ब्लेझर, छातीवर लष्करी पदकं, पुढ्यात चाकांचा वॉकर. घरासमोरच्या फरसबंद वाटेवरून ते सावकाश चालत येत होते. वय नव्व्याण्णव, महिनाअखेरीला शंभर पूर्ण होणार. त्याआधी शंभर फेऱ्या मारायच्या आणि त्या निमित्तानं तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या मदतनिधीसाठी हजार पौंड जमवायचे, असा त्यांचा बेत होता. अण्णांनी आवाज वाढवायला सांगितला. बातमी संपल्यावर म्हणाले, "सैन्यातून सुटल्यावर काय करायचे हे गृहस्थ? बघ गं जरा." मी मोबाइलवर शोधलं आणि वाचून दाखवलं: यॉर्कशरमधल्या छपरांचा माल करणाऱ्या कंपनीत सेल्स मॅनेजर. अण्णा खुर्चीत सरळ होऊन बसले. एकतीस वर्षं त्यांनी सिमेंटचे पत्रे विकले होते. तासगाव, विटा, जत, आटपाडी, पार मंगळवेढ्यापर्यंत. "म्हणजे आपल्या लायनीतले," ते म्हणाले.

ते आजोबा म्हणजे कॅप्टन टॉम मूर. त्यांच्याबद्दल त्या महिन्यात जगभर जे छापून आलं त्यात सैनिक होता, शतायुषी आजोबा होते, देणग्यांचा आकडा होता. मधली चाळीस वर्षं एका ओळीत उरकलेली असायची. मला मात्र अण्णांच्या त्या शब्दानंतर त्या ओळीतच रस वाटू लागला. ज्याला आपण मराठीत फिरतीची नोकरी म्हणतो ती या माणसानं उमेदीची सगळी वर्षं केली, आणि मला वाटतं, त्या फेऱ्यांचं मूळ रणांगणापेक्षा तिथे जास्त आहे.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १९२० चा, यॉर्कशरमधल्या एका गिरण्यांच्या गावात. गावाचं नाव इंग्रजीत लिहितात एका तऱ्हेनं आणि उच्चारतात 'कीथली'. मूर कुटुंब बांधकाम व्यवसायातलं, आई शिक्षिका. वडील विल्फ्रेड तरुणपणीच बहिरे झालेले. अशा घरातलं मूल समोर उभं राहून, डोळ्यांत बघून, स्पष्ट बोलायला आपोआप शिकत असणार, असं मला फार वाटतं. पुढे शंभराव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर त्यांचं बोलणं ज्यांनी ऐकलं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. शब्द मोजके, प्रत्येक शब्द सुटा, नजर समोरच्यावर.

मुलाला यंत्रांचं वेड. बाराव्या वर्षी त्यानं एक जुनी मोटरसायकल विकत घेतली, अडीच शिलिंगांना. म्हणजे पौंडाच्या आठव्या हिश्शाला. गाडी रॉयल एनफिल्ड होती. आपल्याकडच्या वाचकांना हे नाव सांगावं लागत नाही. पन्नासच्या दशकात मद्रासला तिचा कारखाना निघाला आणि बुलेट आपल्या फौजेची, फौजदाराची, पाटलाची झाली. कीथलीच्या त्या पोरानं ती मोडकी गाडी चालती केली. पुढे तो शर्यतींत उतरला, चषक मिळवले. शिक्षण कीथलीच्याच शाळेत, मग स्थापत्यकामाची उमेदवारी. ती चालू असतानाच युद्ध पेटलं.

१९४० च्या मे महिन्यात त्यांना सक्तीच्या भरतीनं पलटणीत घेतलं. ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंट. हे नाव वाचताना मराठी माणसानं क्षणभर थांबायला हवं. ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि २३ सप्टेंबरला भोकरदनजवळ असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा. त्याच्या मृत्यूनंतर या पलटणीला त्याचं नाव मिळालं. आणि तिच्या गणवेशाच्या कॉलरवर जो हत्ती असे तोही १८०३ च्याच लढायांची आठवण. अलीगढ, दिल्ली, लासवारी इथे लॉर्ड लेकच्या हाताखाली शिंद्यांच्या कवायती फौजेशी लढलेल्या ७६ व्या पलटणीचा तो मान. ती पलटण पुढे या रेजिमेंटमध्ये मिसळली. आपल्या पराभवाची खूण गळ्याशी लावून मिरवणारी पलटण, आणि तिच्यातला एक विशीतला पोरगा बोटीतून मुंबईला उतरतो. ही गोष्ट मला बोचते आणि ती लपवावी असं वाटत नाही. त्या पोराचा त्यात दोष काही नव्हता. साताऱ्या-कोल्हापूरची आपली पोरंही त्याच बादशहाच्या नावानं लढत होती.

१९४१ च्या जूनमध्ये त्यांना अधिकारीपद मिळालं आणि त्याच वर्षाअखेर त्यांची बदली पलटणीच्या नवव्या बटालियनमध्ये झाली. ही बटालियन हिंदुस्थानात होती आणि तिचं नुकतंच रणगाडा रेजिमेंटमध्ये रूपांतर झालं होतं: १४६ वी, रॉयल आर्मर्ड कोअर. प्रवास सहा आठवड्यांचा. वाटेत फ्रीटाउनला चार दिवस खोळंबा, केपटाउनला चार दिवस विसावा, मग मुंबई. मुंबईहून पुढे कलकत्त्याला जायचं होतं ते रस्त्यानं, आणि पावसाळ्यात. तीन आठवडे लागले. अचानक चढणारे ओढे, नद्यांचे लोंढे, वाहून गेलेल्या वाटा. आपल्याला आजही आषाढात कुठल्याशा फरशी पुलावर एसटी अडकलेली दिसते. १९४० च्या दशकात लष्करी वाहनांचा तांडा देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेणं काय असेल याचा अंदाज त्यावरून करावा.

हिंदुस्थानातच एक गोष्ट घडली जी पुढच्या आयुष्याची नांदी वाटते. मोटरसायकल चालवण्यात हा अधिकारी तरबेज आहे हे वरिष्ठांच्या ध्यानात आलं आणि लष्करी मोटरसायकलस्वारांना शिकवण्याचा वर्ग उभा करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. निरोप घेऊन धावणारे हे स्वार म्हणजे त्या काळच्या लष्कराच्या नसा. लढाईत बिनतारी यंत्र बंद पडलं की सगळी भिस्त त्यांच्यावर. अडीच शिलिंगांच्या गाडीवर शिकलेली विद्या कामी आली.

मग आराकान, ब्रह्मदेशाची पश्चिम किनारपट्टी. खाजणं, खारफुटी, डोंगर आणि चिखल. रणगाड्यांना याहून गैरसोयीचा मुलूख शोधून सापडला नसता. १ फेब्रुवारी १९४३ रोजी दोनबैक इथल्या जपानी मोर्च्यांवर या रेजिमेंटचे अवघे आठ व्हॅलेंटाइन रणगाडे धाडण्यात आले, ५५ व्या हिंदी ब्रिगेडच्या मदतीला. काही खंदकांत अडकले, बाकीचे तोफांनी टिपले. जपानी तिथेच राहिले.

तो रणगाडा कसा असतो ते मी मागच्या हिवाळ्यात अहिल्यानगरला जाऊन पाहून आले. तिथे आर्मर्ड कोअरचं रणगाडा संग्रहालय आहे आणि त्यात एक व्हॅलेंटाइन उभा आहे. फोटोत तो अजस्र वाटतो. समोर उभी राहिले तेव्हा पहिला विचार आला की हा किती छोटा आहे. सोळा-सतरा टनांचा, आपल्या मालट्रकपेक्षाही आखूड. बुरुजावर तोंड काढायला जे भोक आहे त्यात आडव्या बांध्याचा माणूस उतरेल का, अशी शंका यावी. सकाळचे अकरा वाजले होते, डिसेंबर होता, तरी पोलादाला हात लावला तर चटका बसला. आत बसलेल्या तिघांचं आराकानच्या उन्हात काय होत असेल हे त्या चटक्यानं जेवढं कळलं तेवढं पुस्तकांनी कळलं नव्हतं. आणि हे पाहायला मी गेले होते त्याच नगरात, जिथल्या किल्ल्यावर वेलस्लीनं निशाण लावलं होतं.

आराकानात टॉम मूर यांना डेंग्यू झाला. त्यातून ते वाचले. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये ते हंगामी कॅप्टन झाले. १९४५ च्या जानेवारीत रामरी बेटावर २६ वी हिंदी डिव्हिजन उतरली तेव्हा त्यांच्या रेजिमेंटचे रणगाडे बरोबर होते. त्या डिव्हिजनमधले बहुतेक जवान हिंदीच होते. वर्षभरापूर्वी मणिपुरात संगशकच्या टेकडीवर मराठा पलटणीची चौथी बटालियन जपान्यांशी झुंजली होती. ब्रह्मदेशात लढणाऱ्या चौदाव्या सैन्याला 'विसरलेलं सैन्य' म्हणत, कारण वर्तमानपत्रांचे रकाने युरोपच्या लढाईनं भरलेले असायचे. कॅप्टन टॉमचं नाव गाजलं तेव्हा त्या विसरलेल्यांपैकी एकाला तरी लोकांनी पाहिलं. आमच्या आजोळी, वाळव्याकडे, ब्रह्मदेशातून परतलेले एक सुभेदार होते. ते पारावर बसत आणि लढाईबद्दल कुणी विचारलं तर पावसाबद्दल सांगत. कॅप्टन टॉमही मुलाखतींमध्ये हिंदुस्थान आठवताना रस्ते, पाऊस आणि गाड्यांबद्दल बोलताना दिसतात. लढाईत काय पाहिलं ते दोघांनीही फारसं सांगितलं नाही.

फेब्रुवारी १९४५ मध्ये चर्चिल रणगाड्यांच्या प्रशिक्षणासाठी त्यांना मायदेशी पाठवलं आणि ते पुन्हा रेजिमेंटमध्ये गेले नाहीत. डॉर्सेटमधल्या बोव्हिंग्टनच्या तळावर शिकवत राहिले. १९४६ च्या सुरुवातीला सुटका झाली. वय पंचवीस.

आता ती मधली ओळ.

घरचा बांधकामाचा धंदा टिकला नाही, आणि कॅप्टन साहेबांना इतरांसारखी नोकरी शोधावी लागली. युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये बॉम्बनं पडलेली घरं उभी करायची होती, नवी वसवायची होती, छपरांच्या मालाला मागणी होती. पण मागणी असली म्हणजे माल आपोआप विकला जातो असं ज्याला वाटतं त्यानं कधी विक्री केलेली नसते. ठेकेदाराला पाच कंपन्यांचे पाच जण भेटतात. त्यातल्या कुणाचं ऐकायचं हे तो भावावरून ठरवतो त्याहून जास्त माणसावरून ठरवतो.

हे मला अण्णांनी शिकवलं. त्यांची रेक्झिनची बॅग अजून माळ्यावर आहे. आत दरपत्रक, निळे कार्बन, ऑर्डर बुक, पत्र्याचा वीतभर नमुना आणि पोस्टकार्डांचं एक पुडकं. दर मुक्कामाहून घरी कार्ड यायचं: खुशाल पोचलो, गुरुवारी परत. त्यांचे काही नियम होते. गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव चुकीचं उच्चारायचं नाही. लेंगरेला लेंगरेच म्हणायचं, येलूरला येलूर, कारण ज्याला आपल्या गावाचं नाव नीट घेता येत नाही त्याच्याकडून आपण माल का घ्यावा? बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही. आणि ज्यानं नाही म्हटलं त्याच्याकडे पाणी पिऊनच निघायचं. पाणी प्यालं की पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येतं. नकार आला म्हणून चेहरा पाडून निघालात की ते दार कायमचं बंद. फिरतीवरच्या माणसाचं सगळं कसब या एका गोष्टीत आहे, की काल नाही ऐकलेल्या दारावर आज तो त्याच चेहऱ्यानं उभा राहू शकतो.

टॉम मूर सेल्स मॅनेजरपर्यंत चढले आणि पुढे केंब्रिजशरच्या सखल, दलदलीच्या मुलुखातल्या मार्च नावाच्या गावी काँक्रीटचा माल करणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक झाले. ती कंपनी बंद पडायची वेळ आली. साठ माणसांची नोकरी जाणार होती. तेव्हा त्यांनी नवे गुंतवणूकदार शोधले, कंपनी विकत घेण्याची जुळवाजुळव केली आणि गावाचंच नाव देऊन ती चालू ठेवली: मार्च काँक्रीट प्रॉडक्ट्स. १९८७ मध्ये ती एका मोठ्या कंपनीनं घेतली. वर्तमानपत्रांत हे सगळं एका वाक्यात येतं. पण साठीत आलेला माणूस, ज्याला निवृत्तीचा विचार करायला हरकत नव्हती, तो पैसेवाल्यांच्या दारोदार जातो आणि म्हणतो की यात पैसे घाला, हे चालेल. कितींनी नाही म्हटलं असेल? साठ घरांतली चूल पेटती राहिली हा मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सौदा वाटतो. पुढे फेऱ्यांतून जमलेल्या तीन कोटी पौंडांहून मोठा. हे म्हणताना मी भावनेच्या भरात आहे असं कुणी म्हटलं तरी मी शब्द मागे घेणार नाही.

मधेच १९८३ मध्ये ते बीबीसीच्या एका प्रश्नमंजूषेत स्पर्धक म्हणून दिसले होते. २०२० मध्ये ते जुनं चित्रण लोकांनी शोधून काढलं. त्रेसष्टीचा हसतमुख गृहस्थ. कुणालाही वाटावं, आपल्या ओळखीचे कुणी काका.

संसार मात्र उशिरा लाभला. १९४९ मध्ये झालेलं पहिलं लग्न सुखाचं नव्हतं. आत्मचरित्रात त्यांनी ते लपवलेलं नाही आणि त्या पत्नीबद्दल कडवटपणानं लिहिलेलंही नाही. ती मनानं आजारी होती आणि त्या काळी त्यावर इलाज कुणाला ठाऊक नव्हता. मग कंपनीच्या ग्रेव्हजेंडच्या कचेरीत पामेला भेटली. ती तिथली ऑफिस मॅनेजर, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. ग्रेव्हजेंड थेम्सच्या मुखाशी, यॉर्कशरपासून देशाच्या दुसऱ्या टोकाला. सेल्स मॅनेजरला त्या कचेरीच्या फेऱ्या वरचेवर कराव्या लागू लागल्या. १९६८ च्या जानेवारीत लग्न झालं. दोन मुली झाल्या, धाकटी झाली तेव्हा वडील पन्नाशीचे. ज्या वयात माणसं आजोबा होतात त्या वयात यांनी शाळेचे डबे आणि गृहपाठ पाहिले.

निवृत्तीनंतर नवराबायको स्पेनच्या किनाऱ्यावर राहायला गेली. थोडीच वर्षं. पामेलाची स्मृती ढळायला लागली तसे ते परत आले आणि अखेर तिला शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. तिथे ते रोज जात. वर्षानुवर्षं, रोज. ओळख पुसत चाललेल्या माणसासमोर जाऊन बसायचं, आपलं नाव सांगायचं, कालचं आज परत सांगायचं. आमच्या मावशीचं असंच झालं तेव्हा काकांची ती रोजची फेरी मी पाहिली आहे. निघताना स्वच्छ शर्ट, खिशात तिच्या आवडीची लिमलेटची गोळी. परत येताना पायऱ्यांवर दोनदा थांबणं. त्या शुश्रूषागृहात ज्यांना भेटायला कुणीच येत नाही अशी माणसं टॉमना दिसली आणि ती त्यांच्या मनातून गेली नाहीत. पुढे हातात कीर्ती आली तेव्हा एकाकी वृद्धांबद्दल ते पुन्हा पुन्हा बोलले ते त्यामुळे. पामेला २००६ मध्ये गेली. त्यानंतर ते धाकट्या लेकीकडे राहायला आले, बेडफर्डशरमधल्या मार्स्टन मोरटेन या खेड्यात. जावई, दोन नातवंडं, एका छपराखाली तीन पिढ्या. आपल्याला यात नवल वाटणार नाही. तिकडे ती चारचौघांसारखी गोष्ट नव्हती.

आणखी एक फेरी होती जी त्यांनी चुकवली नाही. पलटणीतल्या जुन्या सोबत्यांचा वार्षिक मेळावा. तो भरवण्याचं काम त्यांनी चौसष्ट वर्षं केलं. पत्रं पाठवणं, पत्ते बदलले की नोंदवणं, जागा ठरवणं, पैसे जमवणं. ज्यानं कधी गावच्या शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा सलग चार वर्षं भरवला असेल त्याला चौसष्ट या आकड्याचं वजन कळेल. दर वर्षी यादीतली काही नावं खोडायची. ते हे काम करत राहिले, नावं बोटांवर मोजण्याइतकी उरेपर्यंत.

नव्वदीत ते एकटे विमानानं हिंदुस्थानात आणि हिमालयाकडे जाऊन आले. एव्हरेस्ट पाहायची हौस राहिली होती. २०१८ मध्ये स्वयंपाकघरात पडले. खुबा मोडला, बरगडी मोडली, फुप्फुसाला इजा झाली. त्याच सुमाराला डोक्यावरच्या त्वचेच्या कर्करोगावरही उपचार झाले. ज्या दवाखान्यांनी त्यांना उभं केलं ते १९४८ पासून सगळ्यांना मोफत उपचार देणाऱ्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचे. स्वतंत्रपणे गाडी चालवणारा, गवत कापणारा माणूस वॉकरवर आला.

आणि मग २०२० चा एप्रिल. आपल्याकडे ५ तारखेच्या रात्री लोकांनी दारात दिवे लावले. ६ तारखेला तिकडे त्यांची पहिली फेरी झाली. फेरी पंचवीस मीटरची. रोज दहा, म्हणजे रोज अडीचशे मीटर. एकूण हिशेब अडीच किलोमीटर, सांगलीच्या गणपती मंदिरापासून स्टेशनपर्यंतचं अंतर म्हणावं एवढा. जावयानं फेरीमागे एक पौंड देण्याची गोष्ट काढली आणि त्यावरून देणग्यांचं पान सुरू झालं. हजाराचं उद्दिष्ट चार दिवसांत मागे पडलं. १६ एप्रिलला शंभरावी फेरी झाली तेव्हा यॉर्कशर रेजिमेंटचे जवान, त्यांच्या जुन्या पलटणीचे वारस, एकमेकांपासून अंतर राखून दोन्ही बाजूंना सलामीला उभे होते. त्यानंतर ते थांबले नाहीत, आणखी फेऱ्या मारत राहिले.

त्यांच्या वाढदिवसाच्या रात्री निधी बंद झाला तेव्हा ३ कोटी २७ लाख ९० हजार पौंड जमले होते, तेव्हाच्या दरानं सुमारे ३०० कोटी रुपये. देणारे पंधरा लाखांहून जास्त. अण्णांनी हा आकडा ऐकल्यावर कागद घेतला आणि भागाकार केला. माणशी साधारण बावीस पौंड. "बघ," म्हणाले, "मोठी पार्टी एकही नाही. सगळ्या किरकोळ ऑर्डरी." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. जिल्ह्यातल्या एका बड्या ठेकेदारावर विसंबलेला सेल्समन त्या ठेकेदाराबरोबर बुडतो. ज्याची शंभर छोटी दुकानं बांधलेली असतात तो तरतो, हे ते नेहमी सांगायचे.

वाढदिवसाला आकाशातून जुनी लढाऊ विमानं सलामी देऊन गेली, हॅरोगेटच्या सैनिकी महाविद्यालयाचं मानद कर्नलपद मिळालं, गायक मायकेल बॉल यांच्याबरोबर त्यांच्या आवाजात निघालेलं गाणं तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होतं. शुभेच्छांची कार्डं दीड लाखाच्या वर गेली. नातवाच्या बंद असलेल्या शाळेच्या सभागृहात ती जमिनीवर ओळीनं उघडी मांडून ठेवली होती. त्या सभागृहाचा फोटो मी खूप वेळ पाहत बसले होते. कार्डांच्या मधून चालायला जेमतेम पाऊल ठेवण्याएवढ्या वाटा. १७ जुलैला विंडसरच्या राजवाड्याच्या आवारात चौऱ्याण्णव वर्षांच्या राणीनं आपल्या वडिलांची तलवार त्यांच्या खांद्यांना लावली. सर झाले. गुडघा टेकता येत नव्हता, वॉकर धरून उभ्यानंच त्यांनी तो मान घेतला.

पुढचं सांगताना हात जड होतो, पण सांगायला हवं. त्यांच्या नावानं कुटुंबानं एक न्यास काढला. त्याच्या कारभाराची इंग्लंडच्या धर्मादाय आयोगानं चौकशी केली आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अहवाल देऊन लेक-जावयावर गैरवर्तनाचा, खासगी फायदा घेतल्याचा ठपका ठेवला. आपल्याला अन्यायानं वागवलं गेलं, असं कुटुंबाचं म्हणणं. त्याआधीच, घराच्या आवारात विनापरवाना बांधलेली इमारत पाडावी लागली होती. आरोग्यसेवेसाठी जमलेल्या त्या ३ कोटी २७ लाखांचा या न्यासाशी संबंध नव्हता; ते पैसे जिथे जायचे तिथे गेले. तरी वाईट वाटायचं ते वाटतंच. आयुष्यभर ऑर्डर बुकात आकडा चुकू न देणाऱ्या माणसाच्या नावाखाली हे लिहिलं गेलं. मी हे गाळलं असतं तर वाचकांनी मला विचारलं असतं, आणि अण्णांनी त्याआधी.

उद्याचा दिवस चांगला असणार, हे त्यांचं पालुपद. आत्मचरित्राला त्यांनी तेच नाव दिलं. ते २०२० च्या सप्टेंबरमध्ये निघालं. डिसेंबरात कुटुंबाबरोबर ते बार्बाडोसला जाऊन आले. जानेवारीत न्यूमोनिया झाला, त्यावरच्या औषधांमुळे लस घेता आली नव्हती, आणि मग करोनानं गाठलं. ज्या साथीत लढणाऱ्यांसाठी ते चालले त्याच साथीत, २ फेब्रुवारी २०२१ रोजी, बेडफर्डच्या रुग्णालयात ते गेले. २७ फेब्रुवारीला अंत्यसंस्कार झाले. नियमांमुळे घरची आठ माणसं फक्त. यॉर्कशर रेजिमेंटच्या सहा जवानांनी पेटी खांद्यावर घेतली, वरून महायुद्धातलं एक डकोटा विमान गेलं, चर्चची घंटा शंभर वेळा वाजवली गेली.

मी ते चित्रण सांगलीहूनच पाहिलं, अण्णांच्या शेजारी बसून. तोवर गच्चीच्या कठड्यावरचे चिंचोके वीसचे बारा झाले होते, गुडघे दुखायचे. विमान दिसेनासं झाल्यावर त्यांनी विचारलं, "रक्षा कुठे ठेवणार?"

"यॉर्कशरला. आईवडील, आजी-आजोबा जिथे आहेत त्याच जागी ठेवा म्हणून सांगून गेलेत."

"गावाचं नाव काय म्हणालीस?"

"कीथली."

"कीथली," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, 'थ'वर नीट जोर देऊन, पुन्हा एकदा म्हणाले.